‘पदरमोडीतून’ ऐवजी

मृत्यूपुढे सगळे समान असतात, सुधाकर. तुझ्या शोकसभेत पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांना मात्र पांढरे अभ्रे घातले होते आणि मागच्या खुर्च्या उघड्या होत्या. तुझा फोटो पुढे होता, त्यामुळे तुझी गणना पहिल्या रांगेत झाली. हयात असताना तुला ही रांग कधी मिळाली नव्हती. मिळाली असती तरी तू उठून मागे, दाराजवळ जाऊन बसला असतास, कारण तिथून लवकर निघता येतं.

सगळे छान बोलले. आपले मालक-संपादक सगळ्यांत छान बोलले. तू ‘पदरमोड करून पत्रकारितेचं व्रत जपलंस’ असं ते म्हणाले, आणि तो शब्द उच्चारताना त्यांचा आवाज थोडा ओला झाला. दुसऱ्या दिवशी आपल्याच पेपरात तो मथळ्यात गेला. माझ्या हातात आलेल्या प्रतीत मी तो काढला होता, पण मालकांनी परत घातला. वहिनी एवढंच म्हणाल्या की बाकी काहीही छापा, तेवढा शब्द तरी नको होता. त्यांना तुझी चीड माहीत होती. घरी तू काय काय बडबडत असशील याचा मला त्यावरून अंदाज आला.

खरं सांगायचं तर तुझ्या बाबतीत शब्द चुकीचा नव्हता. लूना तुझी, तिच्यातलं पेट्रोल तुझं, कॅमेऱ्यातला रोलसुद्धा तुझाच. आपल्या दैनिकाच्या सगळ्या आयुष्यात ‘पदरमोड’ हा शब्द खरा ठरला असेल तर तो एकदाच, तुझ्या मृत्युलेखात. आणि तो वापरणारा माणूस तोच, ज्यानं ते पेट्रोल भरायचं होतं. तू असतास तर त्यावर काय म्हणाला असतास ते मला पाठ आहे. ‘खरी पदरमोड असेल तर बातमी पदरमोड करणाऱ्याची नसते रे. ज्यानं पैसे द्यायचे होते आणि दिले नाहीत, त्याची असते.’

आपला हा वाद किती वर्षं चालला. मी म्हणायचो, शब्द जुना आहे, चांगला आहे. पदराच्या गाठीला बांधून ठेवलेलं मोडायचं, तेही दुसऱ्यासाठी. एखादा मास्तर शाळेसाठी खडू विकत आणतो, त्याला दुसरा काय शब्द देणार? तू म्हणायचास, शब्द काही द्यायचा नाही. जिल्हा परिषदेला फोन लावायचा आणि खडू का नाहीत ते विचारायचं. मी म्हणायचो, म्हणजे मास्तराचं कौतुक करायचंच नाही? तू म्हणायचास, कौतुक घरी जाऊन कर, चहा पी त्याच्याकडे. मला तुझं पटत नव्हतं आणि आजही पूर्ण पटलेलं नाही. असं अर्धं पटलेलं ठेवून तू गेलास, हे काही बरं केलं नाहीस.

खर्च कोणी केला हे सांगण्याची आपल्या डेस्कवर एक वर्णव्यवस्थाच होती. गरीब माणसानं केला तर ‘पदरमोड’. पुढाऱ्यानं केला तर ‘स्वखर्चाने’. व्यापाऱ्यानं केला तर ‘सौजन्याने’. गावातल्या सगळ्यांनी मिळून केला तर ‘लोकवर्गणीतून’, आणि त्यात गावच्या पाटलाचं नाव पहिलं. सरकारनं केला तर मात्र कोणीच केलेला नसे. निधी आपोआप यायचा आणि तो कोणीतरी ‘खेचून आणलेला’ असायचा. निधी ही वस्तू नेहमी जोर लावून खेचावी लागते, अशी माझी नोकरीच्या पहिल्या वर्षात समजूत झाली होती. आणि सरकारी पैशानं कोणी उटीला जाऊन आला तर त्याला ‘अभ्यासदौरा’. तू हे सगळे शब्द लाल पेननं काढायचास आणि तालुक्याचे वार्ताहर तुला मनातल्या मनात शिव्या द्यायचे.

भंडारदऱ्याची ती सहल आठवते? तुमच्या भागातल्या सभापतींनी पत्रकारांना धरण दाखवायला नेलं होतं. ते पंचायत समितीचे सभापती होते, नंतर राहिले नाहीत, पण आपल्याकडे एकदा सभापती झालेला माणूस माजी होत नाही. जीप, कोंबडी, सगळं ‘स्वखर्चाने’. तू एस.टी.नं आलास. आम्ही पंगतीला बसलो तेव्हा तू दगडावर बसून डब्यातली भाकरी खाल्लीस, आणि दुसऱ्या दिवशी बातमीच्या शेवटी ओळ टाकलीस: ‘पत्रकारांच्या भोजनाचा खर्च कोणी केला हे समजू शकले नाही.’ मालकांनी ती काढली, हे वेगळं. मी मात्र तुला तेव्हाही म्हणालो होतो आणि आता तुझ्या फोटोसमोरही म्हणतो, की रस्सा फार चांगला होता.

पण हे सगळं आपलं डेस्कवरचं चघळणं होतं. तुझ्या गावच्या पाण्याचं प्रकरण येईपर्यंत तो खेळच होता.

तुझं गाव कोल्हारच्या पुढं, प्रवरेच्या काठावर. नदीकाठचं गाव, उसात बुडालेलं, आणि बौद्धवस्तीला नळ नाही. तुझी आई नदीवरून पाणी आणायची आणि तू इथं नगरला बसून कालव्याच्या आवर्तनाच्या बातम्या लावायचास. मग समाजकल्याणच्या निधीतून वस्तीपर्यंत पाइपलाइन झाली. तू त्या दिवशी सगळ्या डेस्कला भजी खाऊ घातलीस. भज्यांबरोबर संध्याकाळचं पाकीट आलं. कोल्हारच्या बाजूच्या बातम्या कंडक्टरच्या हाती यायच्या, एस.टी. माळीवाड्याला लागली की आपला शिपाई घेऊन यायचा. बातमी सोपानची होती. सोपान म्हणजे सभापतींचा पुतण्या, खताचं दुकान आणि जमलं तर पत्रकारिता. मथळा त्यानंच दिला होता: ‘सभापतींच्या पदरमोडीतून वस्तीला पाणी’.

तू ‘पदरमोडीतून’ खोडलंस आणि वर लिहिलंस, ‘समाजकल्याण विभागाच्या निधीतून’. पान लागायच्या आधी मालकांनी ते पूर्ववत केलं. सभापतींच्या जाहिराती होत्या, हे सांगायची गरज नाही. तू चिडलास, मी हसलो. मी म्हणालो, एरवी ‘स्वखर्चाने’ लिहितात, या वेळी ‘पदरमोड’ लिहिलीय, म्हणजे सभापती गरीब झालेले दिसतात. तूही हसलास. एका शब्दानं काय होतं, असं आपल्याला दोघांनाही तेव्हा वाटत असावं, नाहीतर हसलो नसतो.

पुढच्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक झाली आणि वस्तीची मतं दुसरीकडे गेली. आठवड्याच्या आत नळ बंद. दुरुस्ती, असं सांगितलं. पाइपलाइनचा व्हॉल्व्ह सभापतींच्या पोल्ट्रीशेजारी होता आणि तो फिरवायची लोखंडी चावी त्यांच्या गड्याकडे. तुझी आई ग्रामसेवकाकडे गेली तेव्हा त्यानं तोंडानं काही सांगितलंच नाही. भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर आपल्या पेपरचं कात्रण, चौकटीत. सभापतींनी पदरमोड करून आणलेलं पाणी आहे, तर सभापती देतील तेव्हा मिळेल, हा त्या बोटाचा अर्थ. त्याला वाचता येत होतं, हीच अडचण झाली.

मग आई नगरला आली. घरी न जाता स्टँडवरून थेट ऑफिसात. तू तिला तुझ्या खुर्चीवर बसवलंस आणि स्वतः टेबलाला टेकून उभा राहिलास. मालकांनी ‘सुधाकरच्या मातोश्री’ म्हणून चहा मागवला. तिनं चहाला हात लावला नाही.

“तुमीच छापलं का वो ते, पानी सभापतीचं हाय म्हून?”

मालक म्हणाले, मावशी, ती बातमी जुनी झाली आता.

“भितीवर तर नवीच हाय. काच बसवलीया तिला.”

त्यानंतर तिनं तुझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती तुला काही बोलेल. पण ती मालकांनाच म्हणाली की जसं छापलं तसं पुसा. तिला वाटत होतं, पेपरात पुसण्याची काही सोय असेल.

सोय होती. तू त्याच संध्याकाळी एका ओळीची दुरुस्ती लिहून दिलीस: अमुक अंकातील बातमीत ‘पदरमोडीतून’ ऐवजी ‘समाजकल्याण विभागाच्या निधीतून’ असे वाचावे. मालकांनी ती वाचली, चष्मा काढला आणि दैनिकाच्या विश्वासार्हतेवर बोलले. दुरुस्त्या छापायला लागलो तर लोकांचा विश्वास उडेल, म्हणाले. आपण दुरुस्त्या छापतच नव्हतो असं नाही. सिंह आणि कन्या राशींची भविष्यं उलटसुलट झाली तेव्हा पहिल्या पानावर छापली होती. एका नवरदेवाच्या अभिनंदनाच्या जाहिरातीत बी.ए.च्या जागी बी.एड. झालं, तेव्हाही. पाण्यासाठी मात्र विश्वासार्हता आडवी आली.

तू रोज ती ओळ नव्यानं लिहून त्यांच्या टेबलावर ठेवायचास. ते रोज ती कंपासपेटीखाली सारायचे. तिकडं वस्ती नदीवर.

आणि मग सभापतींचा वाढदिवस आला. चार पानी पुरवणी ठरली. जाहिराती सोपाननं गोळा केल्या. मुख्य लेख कोणी लिहायचा असा प्रश्न निघाला आणि तू हात वर केलास. आख्खं डेस्क तुझ्याकडे बघत राहिलं. मालकांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही. उधळलेलं पोर आपणहून घरी यावं, तसा. बाहेर जाताना ते मला म्हणाले, “सुधाकरला अक्कल आली म्हणायची.” मलाही तेच वाटलं, आणि वाईट वाटलं.

लेखात तू काहीएक शिल्लक ठेवलं नाहीस. शिक्षणमहर्षी, कृषिमित्र, गोरगरिबांचा आधारवड. आणि मधोमध, मोठ्या टायपात: ‘मंत्रालयाचे उंबरे झिजवून, समाजकल्याण विभागाचा निधी खेचून आणून, त्या शासकीय निधीतून बौद्धवस्तीच्या दारी गंगा आणणारे आधुनिक भगीरथ’. प्रूफ सभापतींनी स्वतः वाचलं. त्यांनी एकच दुरुस्ती केली. ‘खेचून’च्या आधी ‘अक्षरशः’ घातलं आणि खाली सही केली.

पुरवणी निघाली त्या दिवशी तुझ्या आईनं ते पान ग्रामसेवकाच्या टेबलावर ठेवलं. बिचारा कात्रीत सापडला. भिंतीवर सभापतींनी स्वतःचे पैसे घातलेले, टेबलावर सरकारचे. दोन्ही पेपरातच आलेलं, दोन्हीत सभापतींचा फोटो. शेवटी त्यानं सरकारी माणसाला सुचेल तेच केलं. पुढचा जी.आर. निघाला की मागचा रद्द. हे पान नंतरचं, म्हणून हे खरं. पाणी सरकारी ठरलं. त्यानं तसं सभापतींना कळवलं, आणि सभापती स्वतःच्याच वाढदिवसाला नाही म्हणू शकले नाहीत. संध्याकाळी नळ सुटला.

मी तुला पेढे घेऊन भेटायला आलो. एवढी नामी चाल आपल्या जिल्ह्यात कोणी केली नसेल असं काहीसं म्हणालो. तू पेढा हातात धरून बसलास, खाल्ला नाहीस.

“एक ओळ मागितली होती रे. चार पानं लिहावी लागली.”

मी म्हणालो, पाणी आलं ना पण?

“आलं. पण भगीरथाचं आलं.”

 मी तुला पटवत राहिलो की पाणी प्यायचं असतं, वाचायचं नसतं. तू ऐकून घेतलंस. तुझं म्हणणं मला कळत होतं. आईचं पाणी हक्काचं आहे एवढंच छापून यायला हवं होतं, आणि ते छापून आणण्यासाठी तुला त्या माणसाचा आणखी एक पुतळा उभारावा लागला होता. वर चावी त्याच्याच पोल्ट्रीवर राहिली. गड्याला लहर आली की पाणी सकाळी यायचं, लहर फिरली की दुपारी बाया शेतावर गेल्यावर. पुढं नळ बंद कधी झाला नाही. पण तुझी आई नळाखाली हंडा लावताना आधी पोल्ट्रीच्या दिशेनं बघायची, असं तू मला एकदा सांगितलंस.  

म्हणून त्या शोकसभेत सभापती आले तेव्हा मी तुझ्या फोटोकडे बघायचं टाळलं. ते पहिल्या रांगेत, अभ्र्याच्या खुर्चीवर. त्यांनी तुझ्यावर वीस मिनिटं भाषण केलं आणि त्यातली निम्मी स्वतःवर. “सुधाकर आपला मानूस. आपल्याबद्दल तेवढं चांगलं कुनीच लिवलं न्हाई,” असं ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. ती पुरवणी त्यांनी घरी जपून ठेवली आहे. तू त्यांचा आवडता लेखक होतास, सुधाकर. हे तुला कळलं असतं तर तू थोडा आधीच गेला असतास.

मग त्यांनी जाहीर केलं की तुझ्या नावानं वस्तीच्या तोंडाशी भव्य कमान उभारणार. स्वखर्चाने. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत असं सुरुवातीलाच सांगितलं होतं, तरी वाजल्या. कोपऱ्यात सोपान लिहून घेत होता.

मालकांनी माइक आईपुढे धरला. आईनं काही बोलावं अशी त्यांची अपेक्षा नव्हती. तिनं रडावं आणि फोटो यावा, एवढंच. फोटोग्राफर गुडघ्यावर बसलाही. ती रडली नाही. पदर नीट केला आणि सभापतींकडे तोंड करून बोलली.

“कमान नगं, दादा. मानूसच गेला, आता कमानीखालनं कोन येनार हाय. ती पान्याची चावी तेवढी पंचायतीत ठिवा. तुमच्या गड्याला तरी किती तरास.”

 मग ती पेपरवाल्यांच्या बाजूला वळली आणि म्हणाली, “लिवून घ्या.”

आणि आम्ही सगळ्यांनी, मुंडकी खाली घालून, लिहून घेतलं. एवढ्या शिस्तीत आपल्या जिल्ह्यातल्या पत्रकारांनी काही टिपून घेतलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. सभापती उठले, हात जोडले, मातेचा शब्द आपल्याला शिरसावंद्य वगैरे म्हणाले. फोटो आला. त्यांना दुसरा मार्ग नव्हता. पाच पेपरांचे लोक बसले होते आणि सभापतींबरोबर आलेले पाहुणेही होते.

मला तुझा राग आला तो तेव्हा. हे बघायला तू नव्हतास. चार पानं, भगीरथ, आधारवड, सगळा उपद्व्याप करून तुला जे जमलं नाही ते तिनं माइकवर चार वाक्यांत उरकलं, आणि त्यात एकही विशेषण नव्हतं. तू असतास तर खूश झाला असतास आणि नंतर आठवडाभर स्वतःला छळलं असतंस, की मी मेल्याशिवाय हे का झालं नाही.  मी तुला चहा पाजला असता.

तुझी ती एक ओळ राहिलीच आहे. आपल्या पेपरात ती आता येणार नाही. कंपासपेटीखालचे कागद मालकांनी कधीच टाकून दिले असतील. हा लेख मी दुसरीकडे देतोय, इथल्या संपादकांना आपले सभापती माहीत नाहीत, तेव्हा इथंच छापून घेतो. त्या बातमीत ‘पदरमोडीतून’ ऐवजी ‘समाजकल्याण विभागाच्या निधीतून’ असे वाचावे. उशीर झाला आहे. दिलगीर आहोत, असं आपण अशा ओळीनंतर लिहितो. राशिभविष्यानंतरही लिहिलं होतं.

परवा सोपानची बातमी आली. आता पाकीट नाही, फॅक्स. ‘स्व. सुधाकर यांच्या स्मरणार्थ सभापतींनी पाणीपुरवठ्याची नवीन चावी स्वखर्चाने बनवून ग्रामपंचायतीस अर्पण केली.’ जुनी कुठं गेली म्हणून मी फोन करून विचारलं, तर म्हणाला, पोल्ट्रीवर गंजून गेली होती, नट फिरवायच्या पान्यानंच काम चालवत होते. मग मी ग्रामसेवकाला फोन लावला. तो तोच, फक्त आता भिंतीकडे बोट दाखवायची सोय फोनवर नव्हती, त्यामुळे त्याला तोंडानं सांगावं लागलं.

चावी पंचायतीत आली आहे. लोहाराचं बिल ग्रामपंचायतीनं ‘किरकोळ खर्चा’त मंजूर केलं.